कुंपणापलीकडची कंपनी

शेजारच्या वहिनींच्या धाकट्यानं बेंगळूरची नोकरी सोडली, ही बातमी आमच्या कॉलनीत दूधवाल्याच्याही आधी फिरली. सोडली म्हणजे काढलं असणार, असं कोपऱ्यावरच्या मास्तरांनी जाहीर करून टाकलं. मास्तरांना पेपरात ‘कर्मचारी कपात’ एवढे दोन शब्द दिसले की पुढचं वाचायची गरज वाटत नाही. मी मात्र सरळ भिंतीशी गेले. आमच्या दोन बंगल्यांमधली भिंत कमरेएवढी आहे आणि कोल्हापुरात कमरेएवढ्या भिंतीचा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे.

“काढलं नाही ओ ताई, सोडलीय त्यानं,” वहिनी कडीपत्त्याला पाणी घालता घालता म्हणाल्या. “स्वतःची कंपनी काढतोय.”

“मग चांगलंच झालं की. तोंड का एवढंसं केलंय?”

“कुठं काढायची, त्यावरनं घरात रामायण चाललंय. ह्यांचं म्हणणं इथंच उद्यमनगरात काढ. पोरगं म्हणतंय बेंगळूरलाच. नणंदबाई ठाण्यात बसून फोन करतात, मुंबईला ये म्हणून. आणि मला विचाराल तर पुणं बरं. शनिवारी रात्री निघाला तर रविवारी जेवायला तरी घरी असेल.”

वहिनींचा निकष मला सगळ्यात प्रामाणिक वाटला. पण आधी कंपनी करणार काय, ते कळल्याशिवाय मत कसं द्यायचं? विचारल्याबरोबर वहिनींनी आत हाक मारली आणि त्यांचे यजमान अण्णा बाहेर आले ते हातात बिडाचा एक तुकडा घेऊनच. अण्णांचा जन्म उद्यमनगरात पॅटर्न बनवण्यात गेला. रिटायर झाले तरी घरात फुलदाण्यांपेक्षा कास्टिंगचे तुकडे जास्त.

“हे बघा,” त्यांनी तुकडा भिंतीवर ठेवला. एका बाजूनं गुळगुळीत मशीन केलेला, आणि त्या चकचकीत भागात मध्येच वाटाण्याएवढं भोक. “ब्लो होल. ओतकाम झालं, फेटलिंग झालं, वरनं दिसायला सोन्यासारखा. मशीनवर लावला, टूलनं कातडं काढलं आणि हे भोक उघडं पडलं. म्हणजे लोखंड गेलं, वीज गेली, मशीनचा वेळ गेला, आणि गिऱ्हाईकानं डेबिट नोट फाडली ती वेगळीच.”

हे भोक पडतं का, तर वाळूमुळं. साच्याच्या वाळूत पाणी साधारण तीन-चार टक्के लागतं. ते वाढलं की चौदाशे अंशांच्या आसपासचा रस ओतल्यावर वाफ होते, आणि तिला निघायला वाट मिळाली नाही तर ती आतच अडकते. कधी वाळू नीट श्वास घेत नाही, कधी रस थंड पडलेला असतो, कधी कोअर ओला असतो. वाळूची नोंद एका वहीत, भट्टीचं तापमान दुसऱ्या वहीत आणि रिजेक्शनचा आकडा तिसऱ्या वहीत असतो. तिन्ही वह्या एकमेकींना आयुष्यात भेटत नाहीत. धाकट्याचं सॉफ्टवेअर या तिघींची गाठ घालून देणार आणि साचा भरायच्या आधीच सांगणार की या पाळीत धोका आहे, वाळू बघा.

मी बँकेत कर्जखात्यावर होते. फाउंड्रीवाल्यांच्या बॅलन्सशीटमध्ये रिजेक्शन किती खोल खड्डा पाडतं ते मी पाहिलंय. त्यामुळं ही कल्पना ऐकून मला मनापासून बरं वाटलं. नाहीतर स्टार्टअप म्हटलं की दहा मिनिटांत कोथिंबीर घरपोच करणारं ॲप, अशीच माझी समजूत होत चालली होती.

“आणि कुठं काढायची हे ठरवायला त्यानं एक्सेल केलंय,” वहिनी म्हणाल्या. “मुलगी बघायला गेलो तरी एवढी माहिती काढली नव्हती आम्ही.”

एक्सेल त्यांनी मोबाइलवर मागवून घेतलंच होतं. डाव्या बाजूला शहरं, वर रकाने: ऑफिसचं भाडं, गुंतवणूकदार, मनुष्यबळ, विमानतळ, हवामान, ट्रॅफिक. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेंगळूर पहिलं, हैदराबाद दुसरं, मग पुणे, मुंबई, चेन्नई. कोल्हापूर सगळ्यात खाली, तेही अण्णांच्या आग्रहास्तव घातलेलं. हवामानाच्या रकान्यात मात्र कोल्हापूरला दहापैकी नऊ होते. पोरगं तसं न्यायी आहे.

आता बेंगळूरची बाजू मी मुद्दाम मांडली, कारण आपल्याकडं बेंगळूर म्हटलं की लोक सिल्क बोर्डच्या चौकात अडकून बसतात आणि पुढं सरकतच नाहीत. ते गाव असं हवेत उभं राहिलेलं नाही. टाटांची विज्ञान संस्था तिथं 1909 पासून आहे. एचएएल, बीईएल, आयटीआय, एचएमटी असे सरकारी कारखाने गेले, इस्रो गेली, आणि त्यांच्या मागोमाग इंजिनीअर जमत गेले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स 1985 साली तिथं आली तेव्हा हुशार माणसं गावात आधीच होती. मग 2007 मध्ये कोरमंगलात दोन बन्सलांनी फ्लिपकार्ट काढलं, आणि 2018 मध्ये वॉलमार्टनं त्यातला 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरला घेतला. फ्लिपकार्टमधून बाहेर पडलेल्यांनीच पुढं फोनपे काढलं. खरी गोष्ट ही आहे. दहा माणसांची कंपनी हजार माणसांची होताना आत बसून पाहिलेला माणूस बेंगळूरात चहाच्या टपरीवर भेटतो. आपल्याकडं तसा माणूस शोधायला जाहिरात द्यावी लागेल.

“आणि डिपॉझिट?” वहिनींनी नेमकं विचारलं. थोरल्या जावेचा मुलगा तिथं राहतो, त्यामुळं त्यांच्याकडं आतली खबर असते. “पूर्वी दहा-दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे म्हणे. घर भाड्यानं घेतोय का सोयरीक करतोय?”

“तेवढं सोडा, कानडी तरी येतं की त्याला. तुमचं माहेर निपाणीचं.”

“येतं ओ. पण कानडी येतं म्हणून भाडं कमी करतोय होय कोण?”

मुंबईचा निकाल आम्ही लवकर लावला. नणंदबाईंचा मुद्दा वाईट नव्हता: रिझर्व्ह बँक तिथं, सेबी तिथं, यूपीआय चालवणारी एनपीसीआय तिथं. पैशाच्या देवघेवीचं, शेअरबाजाराचं काही काढायचं असेल तर ज्याच्या परवान्यावर धंदा चालतो त्याच्या दारापाशी राहिलेलं बरं. पवईच्या आयआयटीत ‘साइन’ नावाचं इनक्यूबेटर 2004 पासून आहे, ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथंच वाढली. पण धाकट्याला वाळू मोजायचीय. वाळूला सेबीची परवानगी लागत नाही. हैदराबादला सरकारनं टी-हब नावाची मोठी वास्तू बांधून ठेवलीय, 2015 पासून चालू आहे, तिचं कौतुक सगळे करतात. कौतुक आम्हीही केलं आणि पुढं गेलो.

चेन्नईपाशी मात्र अण्णा थांबले. झोहोच्या श्रीधर वेम्बूंचं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्या माणसानं तेनकासीजवळच्या मथलंपाराई गावात ऑफिस काढलं आणि स्वतः तिकडं राहायला गेला. “बघा, खेड्यात बसून जगाला सॉफ्टवेअर विकतोय,” अण्णा मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मी त्यांना तिथंच अडवलं. वेम्बू तेनकासीला गेले ते कंपनी मोठी झाल्यावर. तेनकासीहून सुरुवात केलेली नाही. यशस्वी माणूस गावी परत गेला की लोकांना वाटतं गावामुळं यश आलं. हा हिशोब कर्जखात्यात मी कधी मान्य केला नाही आणि भिंतीवरही करणार नाही.

मग राहिलं पुणं. पुण्याबद्दल वहिनी हळव्या, अण्णा नाराज. “निम्मं कोल्हापूर हिंजवडीत आहे, आता धंदाही तिकडंच न्यायचा?” हे अण्णांचं नेहमीचं. पण पुण्याचं नाणं खणखणीत आहे. पर्सिस्टंट 1990 ची. केपीआयटीही त्याच साली निघाली आणि आज गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव काढतेय. क्विक हीलचे कैलास काटकर आपल्या सातारा जिल्ह्यातले, रहिमतपूरचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता अँटिव्हायरसपर्यंत पोचले आणि 2016 मध्ये कंपनी शेअरबाजारात आणली. लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर रोज टेबलावर येत होते म्हणून व्हायरस हा धंदा आहे हे त्यांना कळलं. कोरमंगलातल्या काचेच्या ऑफिसात बसून ते कळलं नसतं.

आणि इथंच मी त्या एक्सेलकडं परत वळले. सगळे रकाने होते. गिऱ्हाईकाचा रकानाच नव्हता.

“अण्णा, ह्याचं सॉफ्टवेअर घेणार कोण?”

“फाउंड्रीवाले.”

“ते कुठं आहेत?”

अण्णांनी भिंतीवर हात आपटला. “शिरोली! गोकुळ शिरगाव! कागलची पंचतारांकित! मी काय वेगळं सांगतोय मघापासनं?”

“आणि कोल्हापूर सोडून?”

“बेळगाव. मग राजकोट. कोइमतूर.”

यातलं एकही गाव पोराच्या एक्सेलमध्ये नव्हतं. बेंगळूरच्या गुंतवणूकदाराला ब्लो होल म्हणजे काय हे समजावण्यात पहिले सहा महिने घालवायचे, की शिरोलीत जाऊन रात्रपाळीला भट्टीशेजारी उभं राहायचं? सुपरवायझर वहीत खरा आकडा लिहितो का, की पाळी संपताना अंदाजानं सगळे रकाने एकदम भरतो, हे फक्त तिथं उभं राहून कळतं. आणि तो अंदाजानंच भरतो. ज्याला माझं पटत नसेल त्यानं पहाटे चारला जाऊन बघावं.

इन्फोसिसची गोष्ट सगळे सांगतात, पण अर्धीच. 1981 साली पुण्यात सुरू झाली, सुधा मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये घातले, इथपर्यंत आपला ऊर भरून येतो. पुढं 1983 मध्ये ती बेंगळूरला का गेली? पुण्याचं पाणी मानवलं नाही म्हणून नव्हे. मायको, म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, हे गिऱ्हाईक बेंगळूरला मिळालं म्हणून. आयटीनं बेंगळूर निवडलं असं आपण म्हणतो, पण इन्फोसिसच्या सात संस्थापकांना तिथं ओढलं ते एका स्पार्क प्लग बनवणाऱ्या कारखान्यानं.

हे ऐकल्यावर अण्णांना जोर आला आणि ते थेट लक्ष्मणराव किर्लोस्करांवर गेले. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला कारखान्यावर बोलताना किर्लोस्कर आठवले नाहीत तर तब्येत बरी नाही असं समजावं. लक्ष्मणराव मुंबईतली मास्तरकी सोडून बेळगावला आले, सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी म्हणत, म्हणून पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला ती जागा हवी झाली. औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

“निवडुंग आणि साप, एवढंच होतं त्या माळावर,” अण्णा म्हणाले.

“आणि रेल्वे स्टेशन,” मी म्हटलं. “ते विसरू नका. नांगर बनवायचा तर बीड आणि कोळसा आत यायला पाहिजे, नांगर बाहेर जायला पाहिजे. आणि नांगर घेणारा शेतकरी चारी बाजूला. राजेसाहेबांनी जागा दिली हे खरं, पण रूळ नसते तर त्या जागेचं काय लोणचं घालायचं होतं?”

आता कोल्हापूरचं उणं काय, तेही बोललं पाहिजे, नाहीतर मास्तर म्हणतील एकतर्फी निकाल दिला. आपली कॉलेजं दरवर्षी इंजिनीअर बाहेर काढतात आणि त्यातली चांगली पोरं निकालाच्या आठवड्यात बॅग भरतात. तीन-चार वर्षं मुरलेला प्रोग्रॅमर इथं मिळणं कठीण. मिळाला तर तो आईच्या आजारपणासाठी परत आलेला असतो. शेंडा पार्कात आयटी पार्क करा ही मागणी जुनी आहे. हायकोर्टाच्या सर्किट बेंचची मागणी तिच्याहून जुनी होती, ते 2025 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, म्हणजे आशा धरायला हरकत नाही. पण आशेवर सर्व्हर चालत नाही. प्रोग्रॅमर पुण्यात ठेवावे लागतील, आणि सर्व्हर तिथलीच माणसं सांभाळतील. धंदा वाढला की चाकणच्या गाडी कारखान्यांच्या खरेदी खात्यांशी बोलायला एक माणूस पुण्यात कायमचा लागेलच, कारण रिजेक्शन कमी कर म्हणून फाउंड्रीवाल्याच्या मागं लागतात ती हीच खाती.

दुसरं उणं वसुलीचं. आपले फाउंड्रीवाले मनानं मोठे आहेत, तांबडा-पांढरा खायला घालतील, पण बिल नव्वद दिवस टेबलावर ठेवतील. म्हणून मी पोराला निरोप दिला की काही करण्याआधी उद्यम नोंदणी कर. लघुउद्योगाचे पैसे करार असला तरी 45 दिवसांत दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंत थकले, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात दाखवता येत नाही, असं कलम आता आहे. मार्चमध्ये हिशेबनीसाला त्याची आठवण करून दिली की चेक निघतो. कर्जखात्यात राहून एवढं तरी शिकले.

“पण ताई, पत्त्याचं काय?” वहिनी म्हणाल्या. “तो म्हणतो पैसे लावणारे लोक कंपनी सिंगापूरला नाहीतर अमेरिकेत नोंदवा म्हणतात. राहायचं इथं आणि नोंदवायची तिकडं, असं कुठं असतंय?”

असतं. पण परत यायचं म्हटलं की काय होतं तेही ऐका. फोनपे सिंगापूरला नोंदलेली होती. 2022 मध्ये तिनं घर भारतात आणलं, तेव्हा वॉलमार्टसह गुंतवणूकदारांना जवळपास 8,000 कोटी रुपये कर भरावा लागला.

वहिनींच्या हातातला पाइप खाली पडला. “आठ हजार कोटी? पत्ता बदलायला?”

मास्तरांच्या खिडकीचा पडदा हलला, तो त्याच क्षणी. आठ हजार कोटी हा आकडा कॉलनीत संध्याकाळपर्यंत धाकट्याच्या नावावर जमा होणार, हे मी ओळखलं.

आपल्या देशात तरी पत्ता बदलणं सोपं आहे का? एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय न्यायचं तर केंद्र सरकारच्या प्रादेशिक संचालकाची मंजुरी, धनकोंची यादी, पेपरात जाहीर नोटीस, एवढं सगळं लागतं. कोल्हापूरची कंपनी पुण्याच्या रजिस्ट्रारकडं नोंदते. उद्या पुण्याला गेली तरी रजिस्ट्रार तोच. जीएसटी मात्र राज्यागणिक वेगळा घ्यावा लागतो, त्यामुळं उगाच तीन राज्यांत पाट्या लावत सुटू नये. पोरांना वाटतं गाव म्हणजे टी-शर्ट, नाही आवडला तर बदलू.

एवढं झाल्यावर वहिनींनी खरं दुखणं काढलं. “तुमचं सगळं पटतंय. पण कोल्हापुरात बसला तर लग्न कसं जमायचं ओ? परवा एका स्थळाचा फोन आला. मुलगा काय करतो? म्हटलं कंपनी आहे. कुठं? म्हटलं बहुतेक कोल्हापूरला. म्हणजे नोकरी नाही होय, म्हणाले, आणि पुण्यात फ्लॅट आहे का विचारून फोन ठेवला. त्यापेक्षा बेंगळूर म्हटलं असतं तर निदान पत्रिका तरी मागितली असती.”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. एक्सेलमध्ये हाही रकाना पोरानं गाळला होता, आणि वहिनींच्या दृष्टीनं गिऱ्हाईकाच्या रकान्यापेक्षा तो मोठा. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, “पहिली तीन गिऱ्हाईकं लागू दे. मग स्थळं आपोआप येतात. मी उद्यमनगरात पॅटर्नचं दुकान टाकलं तेव्हा तुझ्या बापानंही फ्लॅटच विचारला होता.”

“फ्लॅट कुठला, वाडा विचारला होता,” वहिनींनी दुरुस्ती केली.

तर मंडळी, निकाल असा. शिरोलीत अण्णांच्या जुन्या मालकाच्या मशीन शॉपवरची माडी रिकामी होती, ती भाड्यानं घेतलीय. डिपॉझिट दोन महिन्यांचं. दोन प्रोग्रॅमर पुण्यात आपापल्या घरून काम करणार. पोरगं रात्रपाळीला भट्टीवर असतं, दुपारी झोपतं, त्यामुळं दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. आठ हजार कोटींची गोष्ट खोटी आहे, ती फोनपेची होती, मास्तरांनी कृपया नोंद घ्यावी. मुलगा निर्व्यसनी आहे, उंची पाच फूट नऊ इंच, कंपनी स्वतःची, पगार सुरू व्हायला वर्षभर लागेल, पुण्यात फ्लॅट नाही. तुमच्या पाहण्यात कुणी असेल तर वहिनींना कळवा. फोन नाही लागला तर माझ्याकडं निरोप ठेवला तरी चालेल, मी भिंतीशी असतेच.